कोंबड्यांना बाळंतिणीचा वाटा

सरूबाई ओव्हाळ हिने बंगल्यावरचे काम सोडले, त्या दिवशी तिने कुणाला काही सांगितले नाही. लोणावळ्याहून येऊन मळवलीला उतरली, नेहमीच्या रस्त्याने भाजे गावापर्यंत चालत आली आणि घराच्या पायरीवर बसून आपल्याच गुडघ्यांना म्हणाली, "झालं आता. बसा." नवरा बाजीराव तळेगावच्या एका कारखान्यात दारावर रखवालदार होता. तो पाळी संपवून आला तेव्हाही ती तशीच बसलेली होती. त्याने विचारले, "बरं न्हाई का?" ती म्हणाली, "बरं वाटतंय म्हनून तर बसलीया."

अनेक वर्षे तिचे शनिवार आणि रविवार त्या बंगल्याचे होते. मालक मुंबईचे, ते स्वतः क्वचितच येत. बंगला आठवड्याच्या शेवटी पाहुण्यांना भाड्याने दिला जाई. पाहुणे दर खेपेला नवे असत आणि त्यांनी मागे ठेवलेली घाण दर खेपेला तीच असे. रात्रभर नाचून, पिऊन, ओकून लोक निघून गेले की सरूबाईने गुडघ्यांवर बसायचे, ओल्या फडक्याने एकेक फरशी पुसत मागे सरकायचे, आणि दुपारी दुसरी गाडी फाटकात शिरण्याआधी सगळे असे करून ठेवायचे की तिथे कधी कुणी राहिलेच नव्हते असे वाटावे. तिच्या श्रमाचे यश ते श्रम कुणाला न दिसण्यात होते. अशा कामाने गुडघे झिजतात तेव्हा तेही कुणाला दिसत नाही.

ते काम तिला सोडता आले ते कोंबड्यांमुळे. मुलगी अमृता पुण्याच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून लागली आणि तिच्या मदतीने घरामागे पत्र्याची, जाळी लावलेली शेड उभी राहिली. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या तांबड्या तलंगा आणल्या गेल्या. खाली भाताचा तूस पसरला, कडेला अंडी घालायला लाकडी खोकी मांडली. काही आठवड्यांत अंडी सुरू झाली. तपकिरी, टणक कवचाची अंडी कार्ल्याची खानावळ घेई, गावात पाहुण्यांना खोल्या देणारी घरे घेत, आणि शनिवारी-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांमधलेही काही थांबून घेत. त्यात ऐश्वर्य नव्हते, पण घर चाले. सरूबाईच्या मनातला हिशेब एवढाच होता: शेड चालली तर बंगला सुटला, शेड बसली तर पुन्हा बंगला. तिसरी वाट तिला दिसत नव्हती, आणि शोधण्याचे त्राण आता अंगात उरले नव्हते.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षीचा वैशाख मात्र कडक निघाला. बुद्धपौर्णिमेला गावातल्या बायांबरोबर लेण्यांवर वंदनेला जाऊन ती खाली आली, तेव्हा शेडमध्ये कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सोडवून धापा टाकत उभ्या होत्या. सकाळी घातलेले खाद्य तसेच होते. त्या आठवड्यात अंडी लहान झाली, मग कमी झाली. तिने कामशेतहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टर प्रज्ञेश सोनवणे हा तरुण, कमी बोलणारा माणूस होता. त्याने पत्र्यावर गवत टाकायला सांगितले, पाणी गार ठेवायला सांगितले, आणि जाताना म्हणाला, "मावशी, उन्हात कोंबडी खात नाही, कारण खाल्लेलं पचवतानाही अंग तापतं. थोड्या घासात जास्त बळ जायला हवं. खाद्यात थोडं तेल मिसळा. तेलाने अंग कमी तापतं. पोत्याला अर्धा लिटर, चांगलं तेल. उन्हाळ्यापुरतं."

सरूबाईने दुकानातून सोयाबीनचे तेल आणले आणि हाताने खाद्याला चोळले. खाद्याची धूळ उडायची थांबली, कोंबड्या चवीने खाऊ लागल्या. पंधरवड्याच्या आत अंडी वाढली आणि, तिच्या हातालाच आधी कळले, जडही झाली. खानावळवाल्याने एक अंडे तळहातावर तोलून विचारले, "काय खायला घालता यांना?" त्या प्रश्नाने तिला जो आनंद झाला तो तिने कुणाला दाखवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामाकडे बघून कुणीतरी ते कसे केले असे विचारले होते.

ज्येष्ठात नथू आला. नथू डोंगरावरच्या वाडीतला. लेण्यांच्या पायथ्याशी त्याची कांदाभजी आणि मक्याच्या भज्यांची गाडी लागे. आठवड्याच्या शेवटी कढई दिवसभर उतरत नसे, आणि सोमवारी त्याच्याकडे डबाभर काळपट तेल उरे.

"वयनी, तुमच्या कोंबड्या तेल खात्यात म्हनं?" त्याने डबा पायरीवर ठेवला. "हे न्या. वढ्यात वतलं तर पंचायत वरडती, आन पुन्यांदा भजी तळली तर गिऱ्हाईक वरडतं. कोंबड्या तरी वरडनार न्हाईत."

"जळकं हाय रं नथू."

"जळकं कुटं? अनुभवी हाय."

ती हसली. तेल तिने जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेतले. दुकानातून आणायचे थांबले. आणि जे आणावे लागत नाही ते मोजलेही जात नाही, हा घराघरातला अनुभव आहे. अर्ध्या लिटरचे माप पहिल्या आठवड्यात गेले, त्याच्या जागी भांडे आले. पुढे सकाळच्या खाद्यावर एक पळी आणि संध्याकाळच्या खाद्यावर एक पळी वेगळी पडू लागली.

बाजीरावाने एकदा टोकले. "दाक्टर उन्हाळ्यापुरतं म्हनला व्हता. आता गारवा पडलाय."

"दाक्टरला काय ठावं? रोज बाळंत व्हती ती. मानसाची बाई एकदा झाली तर सवा महिना तूप खाती. हिचं तर रोजचंच हाय. हिला नगं का कायी सनिग्ध?"

"तुला कुटं मिळालं व्हतं तूप?"

"म्हनूनच देती."

अमृताच्या वेळी घरात तूप नव्हते, डिंक नव्हता, खोबरे नव्हते. बाळंतिणीच्या ताटात बाकीच्यांच्या ताटातलेच होते, तेही सगळ्यांचे झाल्यावर. अंग भरून यायच्या आत सरूबाई कामाला उभी राहिली होती. सासूला दोष द्यावा तर सासूचेही तसेच झाले होते; त्या घरात बाळंतिणीचा वाटा ही बोलायची गोष्ट होती, वाढायची नव्हती. शेजारच्या सधन घरांतून मेथीच्या लाडवांचा वास यायचा, त्यावरून सरूबाईला कळले होते की बाईच्या झिजलेल्या शरीराला स्निग्ध लागते. हे ज्ञान खरे होते. पण ते तिने पोटात पडलेल्या घासावरून मिळवलेले नव्हते, लांबून आलेल्या वासावरून मिळवलेले होते. कमी पडणे म्हणजे काय हे तिला पुरते ठाऊक होते. जास्त होणे म्हणजे काय हे कळण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ज्याचा जन्म टंचाईत गेला त्याला अतिरेकाला भ्यायला कोण शिकवणार?

आषाढात डोंगर धुक्यात गेले आणि पत्र्यावर दिवसरात्र पाऊस वाजू लागला. कोंबड्या शेडमध्ये दाटीने बसून राहत. त्यांची पिसे तकाकत होती, अंगे भरली होती. पाण्याला जाणाऱ्या बाया जाळीपाशी थांबत. एकजण म्हणाली, "सरूबाई, तुझ्या कोंबड्या तर मामलेदारीन दिसत्यात." दुसरी म्हणाली, "आमाला बी ठिव तुझ्या शेडात." सरूबाईने तेही मनाशी जपून ठेवले.

अंडी मात्र उतरू लागली. आधी तिला वाटले, पावसामुळे. मग कवचे पातळ आली. उचलताना बोटाखाली दबणारी अंडी खोक्यात मिळू लागली. तिला याचा एकच अर्थ सुचला: घालून घालून त्या थकल्या. तिने संध्याकाळची पळी दोन पळ्यांची केली. अंडी आणखी उतरली. तिने सकाळचीही वाढवली. ज्या माणसाने आयुष्यभर थकव्याला एकच औषध ऐकले आहे, ते औषध लागू पडत नाही असे दिसले की तो ते थांबवत नाही, आणखी देतो.

मग एके सकाळी खोक्यात बसल्या जागी एक कोंबडी मेलेली सापडली. अंगावर जखम नाही, नाकातोंडातून काही नाही. तुरा तेवढा पांढुरका पडलेला. दोन दिवसांनी तशीच दुसरी, जी आदल्या संध्याकाळी खाद्यासाठी सगळ्यांत पुढे होती. तिसरी मेली तेव्हा सरूबाईने डॉक्टरला फोन केला आणि पडवीत गोणपाट अंथरून ठेवले.

डॉक्टरने कोंबडी गोणपाटावर उताणी धरली आणि पोट उघडले. आत सगळीकडे पिवळी चरबी होती, बोटभर जाड. यकृत तांबडे असायला हवे ते मातकट पिवळे, बोट लावताच फुटणारे, आणि त्याच्या भोवती गोठलेले रक्त.

"तेल अजून चालू आहे?" त्याने विचारले.

"हाय."

"किती?"

तिने पळी आणून दाखवली. मग, आपणहून, तिने नथूचा डबाही आणून दाखवला. डॉक्टरने झाकण काढून वास घेतला आणि झाकण लावले.

"मावशी, मी उन्हाळ्यापुरतं म्हणालो होतो."

"तुमी म्हनला व्हता," ती म्हणाली. "पन उन्हाळा सरला तवा अंडी चांगली येत व्हती. चांगलं चाललेलं कोन बंद करतं?"

डॉक्टर रागावला नाही. गोणपाटाशेजारी उकिडवा बसूनच त्याने तिला समजावले. कोंबडी पोट भरेपर्यंत खात नाही, अंगाला लागणारे बळ मिळेपर्यंत खाते. तेलाने ते बळ दोन घासांत मिळते, मग ती बाकीचे खाद्य सोडते. पण अंड्यातले पांढरे त्या सोडलेल्या खाद्यातून यायचे असते, कवचाचा चुनाही त्यातूनच. उन्हाळ्यात अंग तापलेले असताना, मापात दिलेले तेल उपकार करते. गारव्यात, बसून असलेल्या कोंबडीला दिलेले तेल अंड्यात जात नाही, यकृतात साठते, आणि एक दिवस अंडे घालण्याच्या नुसत्या जोराने ते यकृत फुटते. "त्यातून हे तेल जळलेलं," तो म्हणाला, "पण ताजं असतं तरी एवढं चाललं नसतं."

"म्हंजी मी मारल्या."

"माझीही चूक आहे. एकदा येऊन बघायला हवं होतं." तो उठला आणि हात धुवायला गेला. परत येऊन त्याने पुढचे सांगितले: तेल आजपासून बंद. साधे खाद्य, थोडा कोंडा मिसळून, मापात. ज्यांचे यकृत पुरते गेले आहे त्या परत अंड्यावर येणार नाहीत. ज्या मधल्या आहेत त्यांतल्या काही येतील. पण महिना जाईल, कदाचित जास्त, आणि तोवर त्यांना नुसते पोसावे लागेल. कुठली कोणती हे हाताने कसे ओळखायचे तेही त्याने एका कोंबडीवर दाखवले. शेपटीखाली दोन टोकदार हाडे लागतात. त्यांच्यामध्ये तीन बोटे सहज बसली आणि पोट मऊ लागले तर ती अंड्यावर आहे. बोट शिरत नाही आणि पोट कणकेच्या घट्ट गोळ्यासारखे लागते, ती संपली.

त्याच दुपारी विक्कीचा फोन आला. विक्की हा बाजीरावाच्या भावाचा मुलगा. बंगल्याची देखभाल त्याच्याकडे होती. कोंबड्यांचे त्याला काहीच ठाऊक नव्हते, त्याला फक्त माणूस हवे होते.

"काकी, सीझन फुल चालूय. बुकिंग पॅक. जी बाई ठेवली व्हती ती पळाली. तू ये ना यार, तुझ्यासारखं काम कुनाला जमत न्हाई."

"सांगती," एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी, कोंबड्या मंद झाल्यावर, तिने आणि बाजीरावाने शेडमध्ये दिवा लावला. बाजीराव एकेक कोंबडी धरून देई, ती तिला काखेत दाबून शेपटीखाली बोटे लावी आणि डोक्याने खूण करी. अंड्यावरच्या परत तुसावर सुटत. संपलेल्या मोठ्या डालग्यात जात. मधल्यांसाठी कोपऱ्यात जाळी आडवी लावून वेगळी जागा केली होती.

"पोलीस भरतीची मेडिकल चाललीय जनू," बाजीराव म्हणाला. "छाती फुगव गं, छाती फुगव." एका कोंबडीने त्याच्या मनगटावर चोच मारली. "ही नापास झाली तरी घ्या सायेब, हिच्यात दम हाय."

सरूबाईला हसू आले नाही. डालगे भरत होते. तिला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काम आठवले. अमृता अंगावर पीत असतानाच ती त्या कामावर गेली होती. सकाळी मुकादम बायांच्या रांगेपुढून फिरे. एखादीचा दंड दाबून बघे, एखादीला पाटी उचलायला लावी, आणि बोटाने दोन बाजू दाखवी. एकदा त्याने तिला डावी बाजू दाखवली होती. डाव्या बाजूच्या बाया घरी गेल्या. ती रागावली नव्हती. तिला फक्त त्या बोटाचे नवल वाटले होते, की माणसाकडे न बघता ते इतके सहज कसे वळते. आता कळत होते की ते सहजच वळते. एवढ्या कोंबड्या हाताळायच्या तर प्रत्येकीकडे बघत बसून काम उरकत नाही. निवडणारा निष्ठुर असतो असे नाही. त्याच्यासमोर फक्त रांग असते.

"ही?" बाजीरावाने विचारले. "कवाची धरलीयास."

तिची दोन बोटे हाडांमध्ये बसत होती, तिसरे बसत नव्हते. पोट घट्टही नव्हते, मऊही नव्हते.

"मधली," ती म्हणाली.

"मधल्या लय झाल्या. निम्म्याच्या वर झाल्या. त्यांना काय घालनार, किती दिस?"

खरा पेच हाच होता, आणि दोघांनाही तो कळत होता. संपलेल्या विकून टाकायच्या याबद्दल वाद नव्हता. अंड्यावर होत्या त्या थोड्या होत्या, घर चालवण्याइतक्या नव्हत्या. मधल्या आत्ताच विकल्या तर वजन चांगले भरेल, पण मग शेड संपली. ठेवल्या तर महिनाभर काही न देता खातील, आणि ते खाद्य कुठून तरी यायला हवे. ते जिथून येणार होते ती जागा एकच होती.

"ठिवायच्या," सरूबाई म्हणाली.

"आन बंगला?"

"जाती."

बाजीरावाने हातातली कोंबडी तशीच धरून ठेवली. "तू म्हनली व्हतीस, मरंन पन त्या फरशीवर पुन्यांदा बसनार न्हाई."

"म्हनली व्हती. आन ह्यांना मीच घातलं ना तेल? ह्यांनी मागितलं व्हतं?" ती थांबली. "सुधरायला येळ लागतो म्हनला दाक्टर. तेवडा येळ देती. द्या ती हिकडं."

दुसऱ्या दिवशी मळवलीचा चिकनवाला येऊन डालगे घेऊन गेला. एक कोंबडी उलटी धरून त्याने तिचे पोट चाचपले आणि खूश होऊन म्हणाला, "मावशी, काय चरबी धरलीय! असा माल रोज द्या." तिने पैसे मोजून घेतले. त्यानंतर तिने विक्कीला फोन केला.

"येती. शनवार-आयतवार. पन फरशी उभ्यानं पुसायचा दांडा आन. गुडघ्यावर बसनार न्हाई."

"काकी, मालक म्हनतात कोपरे निघत न्हाईत त्यानं."

"मालकाला बसव मग कोपऱ्यात."

विक्की हसला. "अटी घालायला लागलीस?"

"व्हय. आन ओकारी काढायला दुसरं कोनतरी बघ."

"ते न्हाई जमायचं काकी. मानूस कुटं मिळतं?"

"बरं. दांडा आन."

"आन किती दिस येशील? सीझनभर?"

"कोंबड्या अंड्यावर येईस्तोवर."

"आन न्हाई आल्या तर?"

तिने फोन बंद केला.

नथूला तिने डबा परत नेऊन दिला. तो ओशाळला, म्हणाला, "वयनी, मला वाटलं उपेग व्हईल." ती म्हणाली, "मला बी तसंच वाटलं," आणि त्याच्या गाडीजवळच्या बाकावर जरा वेळ टेकून परत आली.

शनिवारी उजाडताच तिने मधल्या कोंबड्यांना साधे खाद्य घातले, वर मूठभर कोंडा. तेलाची चव लागलेल्या त्या कोंबड्यांनी एकदोनदा चोची घातल्या, मान झटकली आणि जाळीपाशी येऊन तिच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. गेले आठवडाभर त्या हेच करत होत्या. पळी येईल अशी त्यांची खात्री अजून गेली नव्हती. एकीने परत जाऊन खाद्य उकरले, थोडे खाल्ले. बाकीच्या तशाच उभ्या.

"खातील का गं?" बाजीरावाने आतून विचारले.

"भूक लागली की खातील. तुमी वरनं कायी घालू नका."

"एक घास बी न्हाई?"

"एक बी न्हाई. लय गयावया करत्यात, बघूच नका त्यांच्याकडं."

रस्त्यावरून लोणावळ्याला जाणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला. तिने पदर खोचला, पिशवी उचलली. जाळीजवळून जाताना एक कोंबडी तिच्या पायामागे जाळीच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत आली. सरूबाई थांबली नाही. जीपमध्ये कडेची जागा मिळाली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि लोणावळ्यापर्यंत ते तिथून काढले नाहीत.